मोगरा, जाई, जुई, कुंद: गोव्यातल्या परसात आधी झाड ओळखा, मग कात्री लावा

फुलं येत नाहीत, कुठलं खत घालू, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, झाड नक्की कुठलं ते सांगा आणि शेवटची छाटणी कधी केली ते सांगा. आपल्याकडे पांढरं आणि वासाचं फूल दिसलं की सरसकट मोगरा नाहीतर जास्मिन म्हणतात, कित्येक नर्सरीवालेही तसंच विकतात, आणि मग घरी आणल्यावर सगळ्यांना एकच खत, एकच पाणी आणि एकाच रविवारी छाटणी. मोगरा छाटायचा नोव्हेंबरच्या शेवटी, जुई जानेवारीच्या शेवटी, आणि कुंद तर त्या दिवसांत ऐन फुलात असतो, त्याला डिसेंबरात कात्री लावली की त्या वर्षीची फुलं गेलीच. म्हणून इथे ओळख आधी आणि निगा नंतर. ओळखीचा भाग जरा लांबलाय, पण तो सोडून पुढे जाऊ नका, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

हे सगळं गोव्याच्या हिशोबाने लिहितेय. आपली लाल चिऱ्याची माती, वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, हवेत बाराही महिने दमटपणा, किनाऱ्याच्या गावात खारं वारं. पुण्या-नाशिकचे लोक व्हिडिओत सांगतात ते त्यांच्याकडे बरोबर असतं, पण जुलैत फोंड्याला किंवा सत्तरीला ते जसंच्या तसं करायला गेलात तर झाड कुजतं.

पायरी पहिली: हे खरंच जास्मिन आहे का

एक उमललेलं फूल घ्या, खालची बारीक नळी नखाने किंवा ब्लेडने उभी चिरा आणि आत पुंकेसर किती आहेत ते मोजा. मोगरा, जाई, जुई, कुंद, ही सगळी जॅस्मिनम कुळी, या सगळ्यांत पुंकेसर दोनच असतात, नळीच्या आत चिकटलेले. ही एक खूण पक्की केली की अर्धी गल्लत तिथेच संपते. तगरीत पाच असतात, रातराणीत पाच, कुंती म्हणजे ज्याला मधुकामिनी म्हणून विकतात तिच्यात दहा, अनंताच्या साध्या फुलात पाच-सहा तरी असतात.

अजून दोन गोष्टी पटकन बघायच्या. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते जास्मिन नाही, तगर असेल, नाहीतर ते स्टार जास्मिन नावाने विकतात ते ट्रॅकेलोस्पर्मम असेल, त्यालाही चीक असतो. आणि पान चुरगळून वास घ्या, लिंबाच्या पानासारखा वास आला तर ती कुंती. रातराणीची पानं फांदीवर एकाआड एक येतात, आपल्या या चौघांची समोरासमोर जोडीने येतात, एवढ्यावरूनही फूल नसताना कळतं.

प्राजक्त मात्र फसवतो, त्याच्यातही पुंकेसर दोनच. पण त्याची केशरी नळी आणि खरखरीत पान कोण विसरणार. १७५३ मध्ये खुद्द लिनियसने, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्याने, मोगरा आणि प्राजक्त एकाच कुळीत घातले होते, पुढे १७८९ मध्ये एटन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोगऱ्याला जॅस्मिनममध्ये आणलं, तेव्हा ही गल्लत जुनीच आहे.

एक अडचण येते ती भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्यात. तिथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मोजायला काही उरत नाही. तसंच हजारी मोगरा म्हणून एक झाड मिळतं, मोठी दातेरी पानं, फुलांचा गच्च गुच्छ, वास छान, पण ते मोगऱ्याच्या जवळपासचंही नाही, क्लेरोडेंड्रम आहे. त्याचं पान चुरगळलं की घाण वास येतो. आणि ते मुळांतून इतकं पसरतं की दोन पावसाळ्यांत वाफाच आपला करून घेतं, तेव्हा कोणी फुकट दिलं तरी जमिनीत लावू नका, कुंडीत ठेवा.

पायरी दुसरी: आता पान बघा, फूल नको

फूल वर्षातले काहीच महिने असतं, पान कायम असतं, म्हणून ओळख पानावरून करायची सवय लावा. मी नवीन लोकांना हेच सांगते की नर्सरीतल्या लेबलवर विश्वास ठेवण्याआधी एक पूर्ण पान देठासकट हातात घ्या, म्हणजे फांदीला जिथे चिकटतं तिथपर्यंतचं, आणि ते एकच सलग पान आहे की एका देठावर बरीच छोटी पानं आहेत ते बघा.

एका देठावर पाच, सात, कधी नऊ छोटी पानं असतील तर ती जाई, शास्त्रीय नाव जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, काही लोक हिलाच चमेली म्हणतात. टोकाचं पान बाकीच्यांपेक्षा मोठं असतं आणि बरेचदा त्याच्या खालची जोडी त्याला चिकटलेली असते. फांद्या लांब, लवलवत्या, कडा असलेल्या. कळी बाहेरून गुलाबीसर, फूल उमललं की पांढरं, पाच पाकळ्या, आणि पाकळी उलटी करून बघितली तर गुलाबी झाक राहिलेली दिसते. आपल्याकडे जायांचा मान काय आहे ते वेगळं सांगायला नको, म्हार्दोळला महालसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा होते तेव्हा जाऊन बघा.

पान वरवर एकच दिसतंय पण देठावर त्याच्या बुडाशी दोन अगदी बारकी पानं लागलेली आहेत, कधी ती इतकी लहान की भिंगच लागावं, कधी एखादी गळून गेलेली, तर ती जुई, जॅस्मिनम ऑरिक्युलॅटम. ही खूण शोधायला एकाच पानावर थांबू नका, पाच-सहा पानं बघा, सगळ्यांवर सारखी नसते. कोवळ्या फांदीवर मऊ लव असते. फुलं छोटी, कळ्या बारीक, पण एका घोसात खूप येतात.

पान एकच, सलग, चकचकीत, थोडं गोलसर, समोरासमोर आणि कधी कधी एका पेरावर तीन तीन, तर तो मोगरा, जॅस्मिनम सॅम्बॅक. फुलाच्या बुडाशी हिरवे लांब दोऱ्यासारखे भाग असतात, आठ-नऊ तरी. मोगऱ्यात परत प्रकार आहेत, एकेरी पाकळ्यांचा, दुहेरी, गोल टपोऱ्या कळीचा बटमोगरा, लांब टोकदार पाकळ्यांचा मदनबाण. आता हे सगळे एकाच जातीतले असल्यामुळे निगा सारखीच, त्यामुळे सुरुवातीला प्रकाराच्या नावात फार अडकू नका, मोगरा आहे एवढं पक्कं झालं की पुरे. मदुराईच्या मल्लीला २०१३ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आणि ती मदुराई मल्ली म्हणून ऑनलाइन खूप विकतात, पण तो टॅग त्या भागात पिकलेल्या फुलाचा आहे, तुमच्या कुंडीतल्या रोपाला त्यातलं काही मिळत नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पान एकच पण कोवळी फांदी आणि पानाची खालची बाजू मखमली, हात फिरवला की कळते अशी लव, तर तो कुंद, जॅस्मिनम मल्टिफ्लोरम. पाकळ्या अरुंद, टोकदार, सहा ते नऊ, वास अगदी मंद. थंडीत फुलतो. पुष्कळ जणांनी हा मोगरा म्हणून आणलेला असतो आणि मग वास नाही वास नाही म्हणून खत बदलत बसतात. झाड धडधाकट असतं, त्याचा वासच तेवढा असतो.

अजून एक असाच सलग पानाचा, पण पान गुळगुळीत आणि कळी बाहेरून जांभळट गुलाबी, पाकळ्या नऊ ते अकरा आणि खूप अरुंद, ते जॅस्मिनम निटिडम. हेही स्टार जास्मिन म्हणूनच मिळतं, म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळी झाडं, चीक आला तर ट्रॅकेलोस्पर्मम, नाही आला तर निटिडम.

आणि रानातली कुसर. मार्च ते मेमध्ये घाटाकडे, मोले किंवा सत्तरीच्या बाजूला गेलात तर झाडांवर चढलेली, पांढऱ्या फुलांचे मोठे सैल घोस लागलेली वेल दिसते, पान मोठं, रुंद, पातळ, पाकळ्या लांब अरुंद, तीच कुसर, जॅस्मिनम मलबॅरिकम, पश्चिम घाटातलीच. बघून घ्या, फोटो काढा, पण अभयारण्यातून उपटून आणू नका, तो गुन्हा आहे आणि उपटलेली वेल जगणं तसंही कठीण. कोणाच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, असेल तर त्यांना विचारून एक फांदी कलमासाठी दाबायला मागा, ते कसं करायचं ते शेवटच्या पायरीत आहे.

पायरी तिसरी: किती आणि कुठली लावायची

पहिल्या वर्षी चारच लावा, मोगरा, जाई, जुई, कुंद. चौघांची फुलायची वेळ वेगळी आहे, त्यामुळे परसात बहुतेक वर्षभर काहीतरी फुललेलं राहतं. मोगरा मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत, जुई उन्हाळ्यात सुरू होऊन पाऊस संपेपर्यंत टप्प्याटप्प्याने, जाई पावसाळ्यात आणि त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत, आणि कुंद नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चवथीला घरची फुलं हवी असतील तर ती जाई-जुईच देतात, मोगऱ्याचा भर तोपर्यंत ओसरलेला असतो, हे आधीच लक्षात ठेवलं तर ऑगस्टमध्ये मोगऱ्यावर उगाच चिडायची वेळ येत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं मिळतात, नर्सऱ्या तर सगळीकडे आहेत. घेताना फुलांनी भरलेलं रोप घेऊ नका, ते बघायलाच बरं वाटतं. बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं, पानाच्या खालच्या बाजूला जाळं किंवा पांढरी बुरशी नसलेलं रोप बघा. आणि पिशवीच्या भोकातून मुळं बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर दुसरं मागा.

पायरी चौथी: जागा आणि माती

ऊन. पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे, याला तडजोड नाही. गोव्यात बहुतेक घरांच्या मागे माड, फणस, आंबा असतात आणि राहिलेल्या सावलीत मोगरा लावतात, झाड वाढतं, पानं छान हिरवीगार होतात आणि फुलं दोन-चार. तिथे कुठलंही खत चालणार नाही, झाड हलवा. अंगणात पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू मोकळी असेल तर ती मोगऱ्याला आणि जुईला द्या. जाई आणि कुंद थोडी सावली सहन करतात, पण फुलं उन्हाच्या हिशोबातच देतात.

पाणी साचता कामा नये. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत खड्डा खणला की बरेचदा खाली कडक थर लागतो आणि पावसात तो खड्डा भरून राहतो. म्हणून सपाट जमिनीत खड्डा खणून लावण्यापेक्षा चार चिरे रचून वीस-तीस सेंमी उंच वाफा करा आणि त्यात लावा, पहिल्याच पावसाळ्यात फरक दिसेल. खड्डा करायचाच तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल, तळाचा कडक थर पहारीने फोडून, आणि एका बाजूने पाणी बाहेर जायला वाट ठेवून.

मिश्रण सोपं आहे, दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नदीची जाड वाळू किंवा विटांचे तुकडे. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ पानांची टोकं जाळतं. तसंच किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होत असेल तर मोगऱ्याला नळाचं पाणी द्या, खारं पाणी त्याला अजिबात मानवत नाही.

आणि चुना. आपली माती आंबट असते, जास्मिनला साधारण साडेसहा ते साडेसात सामू (pH) आवडतो. त्यामुळे लावायच्या आधी दोन-तीन आठवडे शिंपल्यांचा चुना मूठभर मातीत मिसळून ओली करून ठेवा. चुना आणि खत एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र उडून जातो. माती तपासून घेतली तर सगळ्यात उत्तम, जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, किंवा तुमच्या तालुक्याच्या झोनल ॲग्रिकल्चर ऑफिसात विचारा, नमुना कसा घ्यायचा तेही तिथे सांगतात.

अंतर मोगऱ्याला सव्वा मीटर, जुईला दीड, जाईला दीड ते दोन मीटर. कुंडीत लावायचं तर बारा इंचापेक्षा लहान कुंडी नको, आणि कुंडीत मोगरा सगळ्यात चांगला होतो, जाई कुंडीत कायम त्रासलेलीच दिसते.

लावायची वेळ म्हणाल तर मी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर सुचवते. पहिल्या पावसात लावायची आपल्याकडे पद्धत आहे, पण जुलैच्या सततच्या धारेत लहान रोपाची मुळं श्वासच घेऊ शकत नाहीत, वर गोगलगायी रात्रीत कोवळा शेंडा खाऊन टाकतात. त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायींचा त्रास गोव्यात बऱ्याच ठिकाणी आहे, रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून गोळा करणं हाच खात्रीचा उपाय, मिठाच्या पाण्यात टाका. वाफ्यात मात्र मीठ शिंपडू नका.

पायरी पाचवी: छाटणी

इथे घाबरायचं काम नाही पण तारीख पाळायची. या चौघांची फुलं नवीन फुटीवर येतात. जुनी फांदी तशीच ठेवली की वर वर दोन शेंडे फुटतात आणि खाली नुसती काटक्यांची जाळी होते.

मोगरा: दिवाळी झाली, पाऊस पूर्ण थांबला की पाणी कमी करत आणा, छाटणीच्या आधी दहा-बारा दिवस जवळजवळ बंदच करा, पानं थोडी गळतील, गळू देत. मग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा फारतर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळं झाड जमिनीपासून दीड फुटावर कापा. सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढा, उरलेली जुनी पानंही हाताने काढून टाका, त्यांच्यावरच कोळी (माइट ही बारीक कीड) आणि बुरशी राहून जाते. बुडाभोवतीची माती हलकी उकरून दोन-तीन दिवस उन्हाला मोकळी ठेवा, मग खत घाला आणि भरपूर पाणी. फेब्रुवारीत फूट, मार्चमध्ये कळ्या.

एक बहर संपला की ज्या शेंड्याला फुलं येऊन गेली तो दोन पेरं खाली खुडा, लगेच पुढची फूट येते. हे मे महिन्यापर्यंत करत राहायचं. लग्नसराईत वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, घरचा मोगरा पुरतो तो याच खुडण्यामुळे. पावसाळ्यात मात्र मोठी छाटणी नको, कापलेल्या जागेत पाणी शिरून फांदी वरून खाली काळी पडत जाते.

जाई: नोव्हेंबरात फुलं थांबली की डिसेंबरच्या शेवटी ते जानेवारीत, त्याच उंचीवर, म्हणजे दीड फूट. गेटवर किंवा माटवावर (मांडवावर) चढवलेली असेल तर इतकं खाली कापवत नाही कोणाला, ते समजू शकते मी, तिथे मुख्य दोन-तीन वेली ठेवा आणि बाजूच्या सगळ्या फांद्या एक-दोन पेरांवर आणा. पण फुलं जास्त हवी असतील तर माझं मत स्पष्ट आहे, झुडूप करूनच वाढवा, हात पोचतो, कीड दिसते आणि फुलं काढायला स्टूल लागत नाही.

जुई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, तशीच. कुंद मात्र फुलं संपल्यावर, मार्चमध्ये. कुसर असेल तर तिची फुलं संपली की पावसाच्या तोंडावर हलकी, आकारापुरती.

आणि कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

पायरी सहावी: खत

तामिळनाडू कृषी विद्यापीठाची मोगऱ्यासाठीची शिफारस जमिनीतल्या पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला १० किलो शेणखत, आणि ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद, १२० ग्रॅम पालाश अशी आहे, दोन हप्त्यांत, एक छाटणीनंतर आणि एक जून-जुलैत. दुकानातल्या भाषेत ते साधारण १३० ग्रॅम युरिया, ७५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २०० ग्रॅम म्युरिएट ऑफ पोटॅश होतं. हे शेतीचं प्रमाण आहे, घरच्या झाडाला अर्ध्यावरही काम होतं, आणि दुसरा हप्ता आपल्याकडे जुलैत घातला तर सरळ वाहून जातो, तो सप्टेंबरात पाऊस ओसरल्यावर द्या.

कुंडीला रासायनिक शक्यतो नकोच. दर महिन्याला मूठभर शेणखत, एक चमचा निंबोळी पेंड, एक चमचा हाडांचा चुरा, आणि जून ते ऑगस्ट काहीच नाही. युरिया जास्त झाला की पानं गडद, फांद्या लांब आणि कळ्या गायब, ही तक्रार मला सारखी ऐकू येते.

उन्हाळ्यात बुडाशी नारळाची सोडणं (वरची जाड सालं) उलटी करून मांडा किंवा सुका पालापाचोळा टाका, पाणी टिकतं. पण खोडाला चिकटून नको, चार बोटं जागा सोडा, आणि मेच्या शेवटी ते सगळं काढून टाका, नाहीतर पावसात तिथेच कुजवा सुरू होतो.

पायरी सातवी: रोग-कीड, आपल्याकडे दिसणारी

कळ्या उमलायच्या आधीच जांभळ्या पडून सुकतायत, हे मोगऱ्यात सगळ्यात जास्त. त्याची कारणं दोन आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. कळीला बारीक भोक, आत हिरवी अळी, दोन-तीन कळ्या जाळीने एकत्र बांधलेल्या, तर ती कळी पोखरणारी अळी. भोक नाही, पण कळीचं बूड फुगलेलं आणि मग रंग बदलून कळी वाळते, तर ती कळीमाशी, तिच्या अळ्या कळीतून खाली पडून मातीत कोश करतात. दोन्हींत पहिलं काम एकच, खराब कळ्या रोज संध्याकाळी वेचून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवायच्या, कंपोस्टमध्ये नाही. कळीमाशी असेल तर बुडाची माती आठवड्याने उकरत राहा, कोश उन्हाने मरतात. सोबत निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारा, दर आठ-दहा दिवसांनी. देवाला किंवा केसात घालायची फुलं काढून झाल्यावरच फवारायचं.

पानाच्या खाली पांढरट मखमलीसारखी लव, पान वेडंवाकडं, याला लोक बुरशी समजतात. ती एका डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याची करामत असते. तेवढ्या फांद्या कापून जाळा, आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, कडक उन्हात फवारलं तर पानं भाजतात. निंबोळी तेल आणि गंधक एकाच आठवड्यात देऊ नका. फक्त कुंदाच्या बाबतीत घाई नको, त्याची लव जन्माचीच असते, तिथे पान वाकडं झालंय का ते बघा.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत पानं फिकट ठिपकेदार आणि खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. आधी पाइपने पानांच्या खालून जोरात पाणी मारा, बरेचदा तेवढ्यावर भागतं.

जुलैत झाड एकदम मलूल झालं, माती ओली आहे तरी पानं लोंबतायत, तर पाणी घालू नका, खोडाशी माती बाजूला करून बघा. पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुडकुजव्याची बुरशी. असं झाड वाचत नाही बहुतेक. मुळासकट, आजूबाजूच्या मातीसकट काढा, आणि त्या जागी लगेच दुसरं जास्मिन नको. शेजारच्या झाडांना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, शेणखतात मिसळून द्या, पाण्याची वाट मोकळी करा.

पावसात खालची काही पानं पिवळी पडून गळतात ते मात्र नेहमीचं, त्यासाठी कोणाच्या सांगण्यावरून लोह, मॅग्नेशियम काही घालत बसू नका, सप्टेंबरपर्यंत थांबा.

पायरी आठवी: नाव लिहून ठेवा आणि फांदी दाबा

दोन-तीन वर्षांत चाराची बारा झाडं होतात, आणि तेव्हा कुठलं कोणाकडून आणलं ते आठवत नाही. मार्करने लिहिलेलं प्लास्टिकचं लेबल आपल्या एका पावसाळ्यात कोरं होतं. पातळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, बंद पडलेल्या बॉलपेनने दाबून लिहा, अक्षरं कोरली जातात आणि राहतात, तारेने सैल बांधा, फांदीला आवळू नका. वहीत एक पान प्रत्येक झाडाला, कुठून आणलं, पानाची खूण, पहिली कळी कधी दिसली, कधी छाटलं. दुसऱ्या वर्षी ही वही कुठल्याही लेखापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण काणकोणच्या आणि पेडण्याच्या परसात पंधरा दिवसांचा फरक सहज पडतो.

मोगऱ्याला आपल्याकडे बी धरत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे नवीन रोप फांदीपासूनच. छाट कलमही होतं, पेन्सिलीएवढी निबर फांदी, तीन पेरांची, जून-जुलैत आडोशाला वाळूत खोचायची. पण नवख्यांनी दाब कलम करावं, ते जवळजवळ चुकतच नाही. जूनमध्ये बाहेरच्या बाजूची लांब फांदी वाकवून मातीला लावा, जिथे टेकते तिथल्या पेराखाली साल थोडी खरवडा, तो भाग दोन इंच मातीत दाबून वर चिऱ्याचा तुकडा ठेवा, शेंडा बाहेर राहू दे. सप्टेंबरच्या शेवटी हळूच ओढून बघा, धरलेलं असेल तर आईच्या बाजूने कापा, पण लगेच उचलू नका, आठ-दहा दिवस तिथेच राहू दे आणि मग कुंडीत घ्या. कुंडीत घेतानाच पट्टीवर जात, आईचं झाड कुठलं आणि तारीख कोरा, आणि कोणाला रोप दिलंत तर पट्टीसकट द्या, छाटणीचा महिना मागच्या बाजूला लिहून.